सव्वा मण वजन

आमच्या गावात काहिलीचे उपयोग दोन. थंडीत तिच्यात गूळ शिजायचा आणि पावसाळ्यात तिच्यात मन्मथअप्पा बसायचे.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पण केवढी, तर चार माणसं आत मांडी घालून जेवायला बसतील एवढी. पूर्णेच्या काठच्या गावांना पूल कुठला आणि होडी कुठली. गुऱ्हाळ संपलं की तीच काहील पाण्यात ढकलायची आणि वल्हं मारत पलीकडे जायचं. जिंतूरच्या बाजूला सगळेच तसं करायचे, त्यात कुणाला नवल वाटायचं नाही. पण अंगात खाकी कोट, त्याला पितळी बटणं, गळ्यात शिट्टी आणि मांडीवर वही घेऊन काहिलीत बसणारा माणूस एकच होता. आणि त्याच्या समोर घोंगडीची घडी घालून, तिच्यावर मानाच्या पाहुण्यासारखं बसवलेलं एक जातं.

हो, जातं. दळायचं. आधी खालची तळी काठापर्यंत नेऊन ठेवायची, मग परत येऊन वरची न्यायची, मग खुंटा ठोकायचा आणि म्हणायचं, "हं, चला." हे अप्पा दर सोमवारी करायचे. गाव हसायचं. अप्पा गावाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मी सून म्हणून त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या आणि अप्पांच्या घरात एकच भिंत, आणि तीही कानाला फार आडकाठी न करणारी. त्यामुळे सासरची माणसं कळायच्या आधी मला अप्पा कळले.

त्यांनी उभी नोकरी तिकडे तेलंगणात नहरीवर काढली होती. नहर म्हणजे कालवा, तेव्हा सगळे नहरच म्हणायचे. साहेब पाहणीला निघाले की त्यांची नाव नहरीतून जायची आणि नावेत बसून रोजनामचा लिहायचा, हे अप्पांचं काम. किती वाजता निघालो, कुठं थांबलो, पाणी किती खोल, वारा कुठला, नावेत वजन किती. पंचवीस वर्षं त्यांनी हेच लिहिलं. मग पेन्शनीत निघाले ते एकटेच गावी परत आले. बायको तिकडेच वारली असं लोक म्हणायचे, मूलबाळ नव्हतं. सोबत आणलं काय, तर कोऱ्या वह्यांचा गठ्ठा, ती शिट्टी आणि बैलगाडीत घालून ते जातं. आता आमच्या गावात नहर नव्हती, एवढीच काय ती अडचण होती. ती अप्पांनी मानली नाही.

नदीवर मात्र त्यांचा राग होता. म्हणायचे, "नहरीचं पाणी कसं, हुकमातलं. सरळ चालायचं. ही बया नुसती लोळायली." पण मग त्याच बयेची खोली मोजायला रोज सकाळी रंगाचे पट्टे मारलेला वेळू घेऊन जायचे.

दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसून ते दिवसाचा रोजनामचा मोठ्यानं वाचायचे. ऐकायला कुणी असो नसो. नहरीवर साहेबाला वाचून दाखवायची पद्धत होती म्हणे. भिंतीच्या अलीकडे मी भाकरी थापत ऐकायची. त्यातलं काही काही मला अजून पाठ आहे.

"नाव निघाली, दिवस कासराभर वर. पाणी दोन वेळू. वारा पश्चिमेचा. वळणावर शिट्टी दिली. समोरून म्हैस. पुन्हा शिट्टी दिली. म्हैस हटली नाही. नाव हटवली. कैफियत : म्हैस पाटलाची आहे."

कैफियत म्हणजे शेरा. शेवटच्या रकान्यात तो लिहायचा. उन्हाळ्यात नदीत वाळूच वाळू, तरी दर सोमवारी नोंद असायचीच : "पाणी नाही. नाव दारात. कूच नाही. कैफियत : नावेत कोंबडीने अंडे घातले." आणि महिने सगळे सरकारी. आजूर, दै, बहमन, नहरीच्या कागदावर चालायचे तसे. आपला चैत्र, आपला श्रावण त्यांच्या वहीत पाय ठेवू शकत नव्हता. सणवार तर नाहीच. एकदा सासूबाईंनी विचारलं, "अप्पा, पोळा कधी हाय?" तर म्हणाले, "महकम्यात पोळा न्हाई." महकमा म्हणजे सरकारी खातं.

आणि काहीही अडलं की अप्पांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "कलम हाय तसं." नावेत बसून तंबाखू थुंकायची नाही, कलम आहे. वळणावर शिट्टी द्यायची, कलम आहे. त्या वळणावर समोरून दुसरी नाव कधी येत नसे, तरी शिट्टी द्यायची. जात्याचंही कलमच होतं. रिकामी नाव पाण्यात घालायची नाही, वल्हवणाऱ्याच्या समोर वजन पाहिजे. ह्यात मात्र खोटं नव्हतं. काहील गोल. एका बाजूला एकटा माणूस बसला की कलते आणि गरागरा फिरते. अप्पा एकदा जात्याशिवाय गेले होते. त्या दिवशीची नोंद : "नाव जागेवर फिरली. एकवीस वेळा. मोजल्या."

दर सोमवारी ते जायचे कुठं, तर पलीकडच्या काठानं खालच्या अंगाला कवठ्याला. तिथं चिंचेखाली काहील बांधायची, काठावर बसून वही लिहायची, भाकरी खायची आणि काठाकाठानं कधी वल्हवत, कधी दोरीनं ओढत काहील परत आणायची. कवठ्यात कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. "पाण्याची पाहणी," म्हणायचे. कवठा म्हणजे माझं माहेर. त्यामुळे सोमवारी अप्पा परत आले की मी भिंतीला कान लावून बसायची. कवठ्याचं एखादं अक्षर येईल म्हणून. यायचं काय, तर "कवठा. खोली पावणेदोन वेळू."

आता पंचमीचं सांगते.

लग्नानंतरची पहिली नागपंचमी. पहिल्या पंचमीला लेक माहेरी जाते, झोका खेळते, हे काही मी सांगायला नको. भाऊ मला न्यायला येणार होता. श्रावण लागला आणि वर कुठंतरी धो धो पाऊस झाला. नदी फुगली. गाडीवाट लांबून, ओढे अंगावर घेत जाणारी, तीही बंद. भावाचा निरोप आला, येता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी जा. नदी का पळून जायली?"

सासूबाई वाईट नव्हत्या, पण एकदा पंचमी चुकली की ती चुकवायची सवय लागते, हे मी आमच्या गल्लीत बघत होते. शेजारची एक जाऊबाई, लग्नाला नऊ वर्षं, माहेर दोन कोसांवर, आणि पंचमी एकदाही नाही. आधी पाऊस, मग पोटुशी, मग पोर लहान, मग सवयच. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं. मला आईला बघायचं होतं. दुपारी जात्यावर बसले आणि ओवी तोंडात येईना, रडूच आलं. भिंत तर तसलीच. पलीकडे अप्पांचं खोकणं एकदम थांबलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कोट घालून आमच्या दारात उभे. बगलेत वही.

"काय अप्पा, कामून आलात?" सासूबाईंनी विचारलं.

"सरकारी काम हाय," अप्पा म्हणाले. "नाव अडलीय. जात्याला टाकी लावायला दिलंय. वजन न्हाई."

जातं दळून दळून गुळगुळीत होतं, मग त्याला टाकीनं ठोकून घ्यावं लागतं, ते काम करणारे गावोगाव फिरतात. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. "मग जवारीचं पोतं न्या की आमचं," त्या म्हणाल्या.

"पोतं भिजलं की फुगतंय. वजन बदलतंय. कलम हाय."

"तर मग आमच्या गणपतला न्या."

गणपत म्हणजे आमचे हे. अप्पांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणेदोन मण. नाव वाकडी हुती. मला सव्वा मण पाहिजे. ना छटाक जास्त, ना छटाक कमी."

"मग मी येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सरकारी कामाचा फार धाक. अप्पांनी कोटाचं बटण नीट केलं. मग नम्रपणे म्हणाले, "तुमाला ह्या काहिलीत बसवणं बरं दिसायचं न्हाई. तुमची इज्जत मोठी हाय."

सासूबाईंना ते आवडलं. आणि मग अप्पा इकडेतिकडे बघत, जणू आत्ताच दिसले अशी, माझ्याकडे वळले. "हे वजन किती हाय?"

मला कापसाच्या काट्यावर बसवून जोखलं, हे मी नातवंडांना सांगते तर त्यांना खरं वाटत नाही. दुकानदाराचा तो मोठा काटा, एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला डोक्यावरून पदर घेऊन मी. अर्धं गाव बघायला. माझं पारडं वरच राहायचं, कारण मी तेव्हा अगदी काटकुळी. अप्पा काट्याला पाठ करून उभे राहिले आणि वहीत लिहीत म्हणाले, "बराबर सव्वा मण."

"अप्पा, बगा तरी," दुकानदार म्हणाला.

"बगितलं."

सासूबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "पर सांच्याला माघारी आणा हिला."

"ते पाण्याच्या मर्जीवर," अप्पा म्हणाले. "कलम हाय."

दोन दिवस अप्पा वेळू घेऊन नदी मोजत राहिले. पंचमीच्या दिवशी सकाळी पाणी उतरलं आणि आम्ही निघालो. अप्पा इकडे, मी तिकडे, घोंगडीच्या त्याच घडीवर. काठ सुटला तेव्हा मला इतकं हसू यायला लागलं की काहील हलायला लागली.

"वजनानं हलू न्हाई," अप्पा म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबला. पण हसू कसं थांबणार? वळणावर अप्पांनी गाल फुगवून शिट्टी दिली. काठावरचे बगळे उडाले, दुसरं कुणी नव्हतं. पुढं पाटलाची म्हैस, डोकं तेवढं पाण्याच्या वर, आमच्याकडे बघत. अप्पांनी पुन्हा शिट्टी दिली. म्हैस हटली नाही. आम्ही हटलो. त्या गडबडीत दौत कलंडायला लागली, एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात लेखणी, तिसरा हात आणायचा कुठून? अप्पांनी वही माझ्याकडे दिली. "धरा. कोरडी ठेवा."

मी वही धरली. आता हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, की माझ्या वडलांनी मला बाळबोध अक्षरं शिकवली होती. मी आपली वाचायला लागले. मागच्या सोमवारची नोंद. निघाली, पाणी, वारा. मग वजनाचा रकाना. तिथं मला वाटलं होतं "जातं" असेल. तिथं लिहिलं होतं, "शिवकांता. सव्वा मण." त्याच्या आधीचा सोमवार, "शिवकांता. सव्वा मण." त्याच्याही आधीचा, तेच. पानामागून पान.

"अप्पा, शिवकांता कोण?" मी विचारलं.

त्यांचं वल्हं पाण्यातच राहिलं. काहील हळूच फिरायला लागली. एक फेरा, दोन फेरे. "तुमाला वाचता येतंय?" ते म्हणाले.

"थोडं थोडं."

"मागची पानं वाचायची न्हाईत," अप्पा म्हणाले. मी वाट बघितली, पण कलम काही आलं नाही. त्यांनी वल्हं उचललं आणि काहील सरळ कवठ्याला नेली.

आईनं मला बघून काय केलं ते सांगत नाही. ज्यांना आई आहे त्यांना कळेल. रडून, हसून, पाणी पिऊन झाल्यावर मी तिला काट्याची गोष्ट सांगितली, म्हशीची सांगितली. ती डोळे पुसत हसत होती. मग सहज विचारलं, "आई, शिवकांता कोण गं?"

आईचं हसू थांबलं. "तुला कुणी सांगितलं तिचं?"

शिवकांता आईची मैत्रीण. कवठ्याच्याच लिंगायताची लेक. एका झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहून खेळायच्या. तिचं लग्न झालं, नवरा नहरीवर नोकरीला, तो तिला तिकडे घेऊन गेला. दर पंचमीला तिचा निरोप यायचा, येते. आणि मागोमाग दुसरा निरोप, रजा मंजूर नाही. आई म्हणाली, "तिच्या मायनं जातं धाडलं लेकीला, पंचमीला येत न्हाई तर माहेरचं काय तरी घरात असू दे म्हणून. अठरा वर्सं. मग एकदा आला तो ती गेल्याचा सांगावाच आला." शिवकांताचे आईबाप त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, भाऊ जिंतूरला निघून गेला.

"आई," मी म्हणाले, "तिचा नवरा खाली चिंचेखाली बसलाय."

दर सोमवारी कोट घालून काठावर बसणारा माणूस आईनं कितीदा पाहिला होता. लग्नातला मुंडावळ्यांआडचा पोरगा तिला त्याच्यात ओळखू आला नव्हता, वाटायचं, कुणी सरकारी असेल. ती उठली. पंचमीची पुरणाची दिंडं वाफेवरून नुकतीच उतरली होती, त्यातली दोन ताटलीत घातली, पदर खोचला आणि नदीची वाट धरली. मी मागं. माझी आई तोंडाची मऊ नव्हती, त्यामुळे मला भीती वाटायला लागली.

अप्पा वही मांडीवर घेऊन बसले होते. आई समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाजी, वर चला."

कवठ्यात त्यांना दाजी म्हणणारं तोपर्यंत कुणी नव्हतं. ते गडबडीनं उठले. पितळी बटणं उगाच चाचपली. "मी हितंच बरा हाय. नाव सोडून जाता येत न्हाई. कलम—"

"जावयानं काठावर बसून भाकर खायची, असं आमच्या गावात कलम न्हाई," आई म्हणाली.

अप्पा ताटलीकडे बघत राहिले. मग खाली नदीकडे. "तिला आणायला पाहिजे हुतं," ते म्हणाले. "रजा मिळत हुती. मीच मागितली न्हाई. मला वाटलं, नावेचा रोजनामचा माझ्याबिगर कोण लिवील."

आई त्यांना असू द्या म्हणाली नाही. "व्हय. पाहिजे हुतं," ती म्हणाली. "आता वर चला. दिंडं गार व्हायलीत."

आणि अप्पा वर आले. सहा दिंडं खाल्ली. दुपारी झोक्याजवळ उभे राहून आम्हा बायकांना सांगत होते, की झोक्यावर समोरासमोर दोघींचं वजन सारखं पाहिजे, नाहीतर झोका वाकडा जातो, तसं कलम आहे. बायका हसून हसून बेजार.

आम्ही चार दिवस राहिलो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊन कडक, आणि अप्पा रोज सकाळी वेळू बुडवून सांगायचे, "पाणी वाढलंय." पलीकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर सासूबाईंना निरोपही गेला, वजन सध्या सोडता येत नाही.

पुढं मग अप्पांना दर पंचमीच्या आधी जात्याला टाकी लावायची अडचण यायचीच. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. ती नऊ वर्षं अडकलेली जाऊबाईसुद्धा गेली, आणि ती चांगली भरलेली, काहिलीच्या काठाला पाणी टेकलं होतं. वहीत तिचंही सव्वा मणच. एका वर्षी तर सासूबाई स्वतः लाजत लाजत म्हणाल्या, "अप्पा, माजं बी माहेर नदीपलीकडंच हाय." अप्पांनी त्यांनाही नेलं. इज्जतीचं कलम तेव्हा आठवलं नाही. येता-जाता निम्मी नदी काहिलीत आली, आणि नोंद झाली, सव्वा मण.

पण त्या पहिल्या परतीचं सांगायचं राहिलंच. पाचव्या दिवशी आम्ही निघालो. आईनं ओटी भरली. मी घोंगडीवर बसले, अप्पा समोर. दौतीचं निमित्त करून त्यांनी वही पुन्हा माझ्याकडे दिली आणि वल्हं घेऊन नदीकडे तोंड केलं. ह्या वेळी वाचू नका म्हणाले नाहीत.

मी पान काढलं. तारखेच्या रकान्यात सरकारी महिना नव्हता. तिथं लिहिलं होतं, "श्रावण. नागपंचमी." पाणी, वारा, सगळं रीतसर. आणि पुढं :

"वजन : शिवकांता. सव्वा मण. कवठा मुक्कामी माहेरी पोचती केली. कैफियत : उशीर झाला."

मी वही मिटून छातीशी धरली. अप्पांची पाठ दिसत होती, कोटावर घामाचा डाग. वजनानं हलू नये, म्हणून मी डोळेसुद्धा न पुसता तशीच ताठ बसून राहिले. जरा वेळानं अप्पांनी शिट्टी दिली. तिथं वळण नव्हतं, म्हैसही नव्हती.

गावात पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, जात्याला टाकी लागली का. जातं अप्पांच्या दाराआड होतं तिथंच होतं, वर एक फडकं वाळत घातलेलं. मी म्हणाले, "लागली."